भारतातील एरोस्पेस अभियांत्रिकी : प्रकल्प, पदे आणि रोजगाराच्या संधी यांचा ऐतिहासिक आढावा (१९४० ते २०२५)

प्रस्तावना

विमान आणि अग्निबाण यांविषयीचे आकर्षण आपल्या समाजात जुने आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात सुखरूप उतरले, तेव्हा हे आकर्षण खेड्यापाड्यांतील शाळांपर्यंत पोहोचले. बारावीनंतर एरोस्पेस अभियांत्रिकीला प्रवेश घ्यावा काय, हा प्रश्न आज तालुक्याच्या ठिकाणच्या कनिष्ठ महाविद्यालयांतूनही विचारला जातो. त्यामागे केवळ हौस नसते. चार वर्षांचा काळ, शैक्षणिक कर्ज आणि पुष्कळदा घरातील पहिल्याच पदवीधराचे भवितव्य या एका निर्णयावर अवलंबून असते.

या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः व्यवसाय मार्गदर्शनाच्या पुस्तिकांतून दिले जाते. त्यांत शिक्षणसंस्थांची यादी, प्रवेशपरीक्षा आणि अपेक्षित वेतन यांची माहिती असते. परंतु ही पदे मुळात कशी निर्माण झाली, केव्हा वाढली आणि केव्हा आटली, याचा विचार त्यांत नसतो. वस्तुतः नोकरीच्या संधींनाही इतिहास असतो. भारतातील विमान व अवकाश उद्योगाचा गेल्या ८५ वर्षांचा प्रवास पाहिला तर या व्यवसायाचे काही स्थायी गुणधर्म स्पष्ट होतात. त्यांचा शोध घेणे हा प्रस्तुत शोधनिबंधाचा विषय होय.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) भारतात विमान व अवकाश अभियंत्यांची पदे कोणत्या परिस्थितीत निर्माण झाली याचा मागोवा घेणे.
२) मोठे प्रकल्प आणि रोजगार यांचा परस्परसंबंध तपासणे.
३) महाराष्ट्राचे या क्षेत्रातील स्थान स्पष्ट करणे.
४) इतिहासाच्या आधारे आजच्या विद्यार्थ्याला उपयुक्त ठरतील असे निष्कर्ष मांडणे.

गृहीतक व व्याप्ती

एरोस्पेस अभियंत्याच्या संधी पदवीधरांच्या संख्येवरून किंवा उद्योगाच्या एकूण उलाढालीवरून ठरत नाहीत. त्या एकामागून एक मंजूर होणाऱ्या प्रकल्पांच्या सातत्यावर अवलंबून असतात, असे गृहीतक येथे स्वीकारले आहे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. वैमानिक, हवाई वाहतूक नियंत्रक व विमान कंपन्यांतील सेवकवर्ग यांचा विचार येथे केलेला नाही. विमानाचे आराखडे, उत्पादन, चाचणी आणि अग्निबाण व उपग्रह यांची निर्मिती एवढ्यापुरतीच व्याप्ती मर्यादित आहे.

प्रारंभ : आधी कारखाना, मग शिक्षण

भारतात विमान उद्योगाचा पाया एका मराठी मुलुखातील उद्योजकाने घातला. सोलापूर येथे जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कंपनीची स्थापना केली. अमेरिकन व्यावसायिक विल्यम पॉली यांच्या मदतीने यंत्रसामग्री व तंत्रज्ञ उपलब्ध झाले. दुसऱ्या महायुद्धाची निकड लक्षात घेऊन १९४१ मध्ये भारत सरकार या कंपनीचे भागीदार बनले आणि १९४२ मध्ये सरकारने तिचा कारभार ताब्यात घेतला. १९४३ मध्ये हा कारखाना अमेरिकन हवाई दलाच्या उपयोगासाठी देण्यात आला व तेथे लढाऊ आणि मालवाहू विमानांची मोठ्या प्रमाणावर दुरुस्ती होऊ लागली.

या घटनाक्रमात एक बाब लक्षणीय आहे. कारखाना सुरू झाला तेव्हा देशात विमानविद्येचे पदवीधर घडविणारी व्यवस्था जवळजवळ नव्हतीच. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्या विभाग सुरू झाला तो डिसेंबर १९४२ मध्ये, म्हणजे कारखान्यानंतर दोन वर्षांनी. कामाची गरज आधी निर्माण झाली आणि शिक्षण तिच्या मागून आले.

या विभागाच्या प्रारंभीच्या अध्यापकांत डॉ. विष्णु माधव घाटगे (१९०८–१९९१) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. कोल्हापूर परिसरातून आलेल्या घाटगे यांनी जर्मनीतील गॉटिंगेन येथे लुडविग प्रांटल या आधुनिक वायुगतिशास्त्राच्या प्रवर्तकाच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळविली होती. त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये एचटी-२ या प्रशिक्षण विमानाचा आराखडा तयार झाला. ऑगस्ट १९५१ मध्ये या विमानाने प्रथम उड्डाण केले आणि पुढे अशी दीडशेहून अधिक विमाने तयार झाली. भारतीय अभियंत्यांनी स्वतः आखलेले व मोठ्या संख्येने उत्पादित झालेले ते पहिले विमान होय.

परंतु याच काळात या व्यवसायाची दुसरी बाजूही प्रकट झाली. महायुद्ध संपताच दुरुस्तीचे काम झपाट्याने घटले. शिकवून तयार केलेल्या कामगारांना व अभियंत्यांना काम पुरविण्यासाठी विमानाच्या कारखान्यात रेल्वेचे डबे आणि बसगाड्यांचे सांगाडे तयार होऊ लागले. रेल्वे डब्यांचा हा विभाग पुढे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या भारत अर्थ मूव्हर्स या कंपनीकडे गेला. पत्र्याची जोडणी आणि रिव्हेटिंग यांचे कौशल्य वाया गेले नाही. पण ज्या कामासाठी माणसे आली होती ते काम मात्र उरले नाही. मागणी संपली की पद संपते, किंवा त्या पदाचे स्वरूप बदलते, याचा हा पहिला अनुभव होता.

शिक्षणसंस्थांची उभारणी आणि पदांची मर्यादा

स्वातंत्र्योत्तर काळात शिक्षणाचा विस्तार झाला. १९४९ मध्ये मद्रासजवळ क्रोमपेट येथे स्थापन झालेल्या मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने विमान अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम सुरू केला. १९५१ पासून कार्यरत झालेल्या खरगपूर येथील आय.आय.टी.मध्ये आणि नंतर कानपूर व मुंबई येथील आय.आय.टी.मध्येही ही शाखा आली. कानपूरच्या संस्थेत तर विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष उड्डाण-प्रयोगांसाठी स्वतःची धावपट्टी आहे. १९५९ मध्ये राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळा स्थापन झाली व संशोधनाचे स्वतंत्र दालन उघडले.

तरीही या काळातील पदवीधरापुढे किती दारे होती, हे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या उदाहरणावरून कळते. मद्रास येथील शिक्षण व हिंदुस्थान एअरक्राफ्टमधील उमेदवारी पूर्ण केल्यानंतर त्यांच्यापुढे प्रामुख्याने दोन मार्ग होते : हवाई दल, किंवा संरक्षण मंत्रालयाचे तांत्रिक विकास व उत्पादन संचालनालय. हवाई दलाच्या निवडीत २५ उमेदवारांत ते नववे आले आणि जागा आठच होत्या. त्यामुळे १९५८ मध्ये ते दरमहा २५० रुपये मूळ वेतनावर त्या संचालनालयात रुजू झाले. 'अग्निपंख' या नावाने मराठीत आलेल्या त्यांच्या आत्मचरित्राचे वाचक या प्रसंगाकडे जिद्दीचे उदाहरण म्हणून पाहतात. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. या शाखेच्या पदवीधराला काम देणारा जवळजवळ एकच मालक होता आणि तो म्हणजे शासन.

मरुत : एका पिढीची जडणघडण व विखुरणे

१९५० च्या दशकात भारताने स्वनातीत लढाऊ विमान स्वतः तयार करण्याचा निर्णय घेतला. त्यासाठी प्रसिद्ध जर्मन विमान-रचनाकार कुर्ट टँक यांना १९५६ मध्ये पाचारण करण्यात आले. त्यांच्यासोबत काम करताना तरुण भारतीय अभियंत्यांचा मोठा गट तयार झाला. १७ जून १९६१ रोजी एचएफ-२४ मरुत या विमानाने पहिले उड्डाण केले. आशियातील त्या काळातील ही असामान्य कामगिरी होती. त्याच सुमारास घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली किरण या जेट प्रशिक्षण विमानाचे काम चालू होते. त्याने १९६४ मध्ये उड्डाण केले.

मरुतची अडचण इंजिनाची होती. विमानाचा सांगाडा ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी आखलेला होता. पण त्यासाठी योजलेले अधिक शक्तीचे ब्रिटिश इंजिन विकसित करण्याचा खर्च उचलला गेला नाही. इजिप्तच्या सहकार्याने इंजिन मिळविण्याचा प्रयत्नही फळास आला नाही. परिणामी मरुतला कमी शक्तीच्या ऑर्फियस इंजिनांवरच समाधान मानावे लागले. १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर या विमानाने चांगली कामगिरी केली. तथापि एकूण १४७ विमाने तयार झाल्यावर त्याचे उत्पादन थांबले आणि त्याच्या सुधारित आवृत्तीच्या प्रस्तावांना मंजुरी मिळाली नाही.

रोजगाराच्या दृष्टीने या घटनेचा अर्थ महत्त्वाचा आहे. मरुतचे पहिले उड्डाण १९६१ चे; त्यानंतरच्या स्वदेशी लढाऊ विमानाच्या प्रकल्पाला मंजुरी मिळाली ती १९८३ मध्ये. या दोहोंमध्ये २२ वर्षांचे अंतर आहे. १९६१ मध्ये तीस वर्षांचा असलेला रचनाकार १९८३ मध्ये बावन्न वर्षांचा, म्हणजे निवृत्तीच्या जवळ पोहोचलेला होता. त्याने मिळविलेले अनुभवाचे ज्ञान हाताखालच्या तरुणाला देण्यासाठी मध्यंतरी त्या प्रतीचा प्रकल्पच नव्हता. आराखड्याची कला ग्रंथातून पूर्णपणे शिकता येत नाही. ती चालू कामात ज्येष्ठांकडून कनिष्ठांकडे जाते. ती परंपरा या ठिकाणी खंडित झाली.

परवान्यावरील उत्पादन आणि ओझर

मरुतच्या काळातच दुसरा प्रवाह सुरू झाला होता. १९६२ मध्ये भारताने सोव्हिएत संघाकडून मिग-२१ घेण्याचा व ते येथे तयार करण्याचा निर्णय घेतला. त्यासाठी विमानाचा सांगाडा नाशिकजवळील ओझर येथे, इंजिने ओरिसातील कोरापुट येथे आणि विद्युतकीय उपकरणे हैदराबाद येथे अशी विभागणी झाली. १ ऑक्टोबर १९६४ रोजी जुनी हिंदुस्थान एअरक्राफ्ट आणि मिगसाठी स्थापन झालेली एरोनॉटिक्स इंडिया यांचे विलीनीकरण होऊन हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड (एच.ए.एल.) ही कंपनी अस्तित्वात आली.

द्राक्षांच्या व कांद्याच्या या प्रदेशात विमानाचा कारखाना आल्याने उत्तर महाराष्ट्रातील तरुणांना नवे क्षेत्र खुले झाले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील कारागीर, पदविकाधारक आणि अभियंते अशा तिन्ही स्तरांवर पदे निर्माण झाली. त्या पदांच्या आधारे अनेक कुटुंबे शेतीतून नोकरदार मध्यमवर्गात आली. मिग-२१, त्यानंतर मिग-२७ आणि २००० मध्ये झालेल्या करारानुसार सुखोई-३० एमकेआय अशा तीन पिढ्यांची विमाने ओझर येथे तयार झाली.

मात्र परवान्यावरील उत्पादनाची एक मर्यादा असते. परदेशातून आलेल्या आराखड्याप्रमाणे भाग अचूक कसा घडवावा, याचे ज्ञान त्यातून मिळते. पण तो भाग तसाच का आखला, याचे ज्ञान आपोआप मिळत नाही. त्यामुळे उत्पादन, गुणवत्ता-तपासणी व देखभाल यांतील पदे भरपूर आणि आराखड्याची पदे मोजकी, असे या उद्योगाचे स्वरूप दीर्घकाळ राहिले. पुढे मूळ विमानात सुधारणा करण्याचे कामही ओझर येथे होऊ लागले. ब्राह्मोस क्षेपणास्त्र बसविलेल्या सुखोई विमानाने २०१६ मध्ये येथूनच पहिले उड्डाण केले.

अवकाश कार्यक्रम : सातत्याचे उदाहरण

विमान उद्योगाच्या तुलनेत अवकाश कार्यक्रमाचा इतिहास निराळा आहे. १९६२ मध्ये डॉ. विक्रम साराभाई यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय समिती स्थापन झाली, २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंबा येथून पहिला अग्निबाण सोडण्यात आला आणि १५ ऑगस्ट १९६९ रोजी इस्रोची स्थापना झाली.

येथे अपयश कमी आले असे मुळीच नाही. एसएलव्ही-३ चे पहिले प्रक्षेपण १९७९ मध्ये अयशस्वी झाले. १९८० मध्ये ते यशस्वी झाले. त्यानंतरच्या एएसएलव्हीची १९८७ व १९८८ मधील दोन्ही उड्डाणे फसली. आज विश्वासार्हतेसाठी ओळखल्या जाणाऱ्या पीएसएलव्हीचेही १९९३ मधील पहिले उड्डाण अयशस्वी होते. म्हणजे पहिल्या पंधरा वर्षांत चार मोठी अपयशे पदरी आली. पण एकाही अपयशानंतर अभियंत्यांचा गट विखुरला नाही. एसएलव्ही संपण्यापूर्वी एएसएलव्हीचे आणि एएसएलव्ही चालू असतानाच पीएसएलव्हीचे काम हाती घेतले गेले होते. एका प्रकल्पातून मोकळा झालेला अभियंता दुसऱ्या प्रकल्पात सामावला गेला आणि अपयशातून मिळालेले ज्ञान संस्थेतच राहिले.

मरुत आणि एसएलव्ही यांची तुलना या दृष्टीने उद्बोधक ठरते. मरुत उडाले, युद्धातही उतरले. तरी त्याच्या मागे पुढचा प्रकल्प नव्हता. एसएलव्ही पहिल्याच प्रक्षेपणात समुद्रात कोसळले. पण त्याच्या मागे पुढचा प्रकल्प उभा होता. अभियंत्यांची पिढी अपयशाने विखुरत नाही; ती खंडाने विखुरते, असे या उदाहरणावरून म्हणणे वावगे ठरणार नाही.

अवकाश कार्यक्रमाच्या इतिहासातून आणखी एक बाब निदर्शनास येते. अग्निबाण उभारणाऱ्यांत विमानविद्येचे पदवीधर तुलनेने थोडे होते. घन इंधनाच्या क्षेत्रात मोलाचे कार्य करणारे व पुढे विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक झालेले डॉ. वसंत गोवारीकर हे रसायन अभियंते होते. थुंबा केंद्राच्या उभारणीपासून सहभागी असलेले प्रमोद काळे हे इलेक्ट्रॉनिक्सचे अभ्यासक होते. आजही इस्रोच्या केंद्रीय भरतीतील अभियंता पदे प्रामुख्याने इलेक्ट्रॉनिक्स, यंत्र व संगणक या शाखांसाठी असतात. एरोस्पेस शाखेचीच पदवी घेतली तरच अवकाश क्षेत्रात प्रवेश मिळतो, हा समज वस्तुस्थितीला धरून नाही. २००७ मध्ये तिरुवनंतपुरम येथे भारतीय अवकाश विज्ञान व तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. तेथे निर्धारित गुणपात्रता गाठणाऱ्या पदवीधरांना उपलब्ध पदांनुसार इस्रोत घेण्याची व्यवस्था करण्यात आली. शिक्षण आणि पद यांची थेट सांगड घालणारा हा या क्षेत्रातील महत्त्वाचा प्रयोग होय.

तेजस : खंडित परंपरेची पुनर्बांधणी

१९८३ मध्ये हलक्या लढाऊ विमानाच्या प्रकल्पाला मंजुरी मिळाली आणि १९८४ मध्ये एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सीची स्थापना झाली. या विमानाचे पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी झाले आणि हवाई दलाची पहिली तुकडी १ जुलै २०१६ रोजी सज्ज झाली. या विलंबावर भरपूर टीका झाली व ती पूर्णपणे निराधार नव्हती. परंतु या विलंबाचा एक भाग मरुतनंतरच्या खंडाची किंमत होता, हेही लक्षात घेतले पाहिजे. संगणक-नियंत्रित उड्डाणप्रणाली, संमिश्र पदार्थांचे सांगाडे आणि चाचणीची व्यवस्था हे सर्व नव्याने उभारावे लागले.

मे १९९८ मधील अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले, तेव्हा तेथील कंपनीसमवेत उड्डाण-नियंत्रणावर काम करणाऱ्या भारतीय अभियंत्यांना परत यावे लागले आणि उर्वरित काम देशातच पूर्ण करावे लागले. या प्रसंगातून शेकडो अभियंत्यांना जे शिक्षण मिळाले, ते कोणत्याही परदेशी पदवीने मिळाले नसते. तथापि इंजिनाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. १९८९ मध्ये मंजूर झालेले कावेरी इंजिन तेजससाठी वेळेत तयार होऊ शकले नाही व अमेरिकन इंजिनावरच अवलंबून राहावे लागले. मरुत व तेजस या दोन्ही प्रकल्पांत अडसर एकच होता. जेट इंजिन हे क्षेत्र म्हणूनच आजच्या अभ्यासू विद्यार्थ्यासाठी सर्वांत कठीण आणि सर्वांत निकडीचे आहे.

परदेशातील संधी आणि त्यांच्या सीमा

या शाखेचे अनेक गुणवान विद्यार्थी परदेशी गेले. चंदीगड येथील पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजमधून १९८२ मध्ये विमान अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या कल्पना चावला हे त्यांतील सर्वांत परिचित उदाहरण. त्यांनी अमेरिकेत डॉक्टरेट मिळविली, १९९१ मध्ये तेथील नागरिकत्व घेतले आणि त्यानंतरच १९९४ मध्ये नासाच्या अंतराळवीर म्हणून त्यांची निवड झाली. या क्रमातील नागरिकत्वाचा टप्पा पुष्कळदा दुर्लक्षिला जातो. अमेरिकेत शस्त्रास्त्र-निर्यातीविषयीच्या कायद्यांमुळे संरक्षण व अवकाश क्षेत्रातील बहुसंख्य पदे तेथील नागरिकांसाठी व कायम रहिवाशांसाठी राखीव असतात. तेथील विद्यापीठ प्रवेश देते. पण त्या क्षेत्रातील नोकरी देऊ शकेलच असे नाही.

शिवाय तेथेही प्रकल्पांच्या चढउतारांपासून सुटका नाही. १९६७ च्या सुमारास सिॲटल परिसरात बोइंगचे एक लाखाहून अधिक कर्मचारी होते. १९७१ पर्यंत ही संख्या चाळीस हजारांच्या खाली आली. २०२० मध्ये कोविडच्या साथीत बोइंग व एअरबस या दोन्ही कंपन्यांनी मोठी कर्मचारी कपात जाहीर केली. प्रकल्पावर अवलंबून असणे हा केवळ भारतीय व्यवस्थेचा दोष नसून या व्यवसायाचाच गुणधर्म आहे, हे यावरून स्पष्ट होते.

२००१ नंतरचे परिवर्तन

मे २००१ मध्ये संरक्षण उत्पादनाचे क्षेत्र भारतीय खाजगी कंपन्यांना पूर्णतः खुले झाले आणि त्यात २६ टक्के परकीय गुंतवणुकीस परवानगी मिळाली. ही मर्यादा वाढत जाऊन २०२० मध्ये थेट मार्गाने ७४ टक्क्यांपर्यंत गेली. त्याच वर्षी अवकाश क्षेत्रही खाजगी उद्योगांना खुले करण्यात आले. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी हैदराबादच्या स्कायरूट कंपनीचा विक्रम-एस आणि ३० मे २०२४ रोजी चेन्नईच्या अग्निकुल कंपनीचा अग्निबाण यांनी प्रायोगिक उड्डाणे केली. बंगळूर येथे जीई, एअरबस, बोइंग इत्यादी परदेशी कंपन्यांची अभियांत्रिकी केंद्रे उभी राहिली. वडोदरा येथे टाटा व एअरबस यांचा सी-२९५ मालवाहू विमानाचा कारखाना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. मराठी भाषकांची मोठी वस्ती असलेल्या बेळगाव जिल्ह्यात हत्तरगी येथे विमानांच्या सुट्या भागांचे औद्योगिक क्षेत्र विकसित झाले आहे.

महाराष्ट्रातही या परिवर्तनाच्या खुणा दिसतात. मुंबईतील विक्रोळी येथे गोदरेज कंपनी इस्रोसाठी इंजिने तयार करते. वालचंद हिराचंद यांनी वसविलेल्या वालचंदनगर येथील कारखान्यात अग्निबाणांची आवरणे घडविली जातात. नागपूरच्या मिहान परिसरात विमान-दुरुस्ती व सुट्या भागांचे उद्योग आले आहेत. मिग-२१ विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी हवाई दलातून निवृत्त झाली आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ज्या ओझरला मिगने जन्म दिला त्याच ओझर येथून तेथे तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने उड्डाण केले. शिक्षणाच्या क्षेत्रात पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा 'स्वयम्' आणि मुंबई आय.आय.टी.तील विद्यार्थ्यांचा 'प्रथम' हे दोन्ही उपग्रह २०१६ मध्ये इस्रोने अवकाशात सोडले. या उपग्रहांवर काम करणारे बहुसंख्य विद्यार्थी एरोस्पेसेतर शाखांचे होते, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. पुण्याच्या त्या महाविद्यालयात तर विविध शाखांचे विद्यार्थी एकत्र आले होते.

या परिवर्तनामुळे शासन हा एकमेव मालक राहिलेला नाही, ही निश्चितच स्वागतार्ह बाब आहे. परंतु दोन गोष्टींचे भान ठेवावे लागते. पहिली, परदेशी कंपन्यांच्या केंद्रांतील काम ज्या विमानासाठी चालते त्याचा निर्णय बहुधा परदेशात होतो. दुसरी, खाजगी भारतीय उद्योगांची मागणीही अखेर शासनाच्या खरेदीवर उभी आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ तेजस विमानांची मागणी नोंदविली गेली. सुट्या भागांच्या शेकडो छोट्या कारखान्यांचे काम अशा एकेका करारावर अवलंबून असते. मालक अनेक झाले असले तरी ग्राहक फार थोडे आहेत.

आजच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने

वरील इतिहासातून काही व्यावहारिक सूचना निघतात. पहिली सूचना शाखेच्या निवडीविषयी. यंत्र, इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणक शाखेची पदवी आणि त्यानंतर गेट परीक्षेद्वारे एरोस्पेसमधील पदव्युत्तर शिक्षण हा मार्ग बहुसंख्य विद्यार्थ्यांसाठी अधिक सुरक्षित आहे. कारण प्रकल्प मंदावल्यास पर्याय शिल्लक राहतो. एरोस्पेसची पदवी घ्यावयाचीच असेल तर जेथे विंड टनेल, इंजिन-प्रयोगशाळा आणि चालू संशोधन-प्रकल्प प्रत्यक्षात आहेत, अशाच संस्थेची निवड करावी. माहितीपत्रकातील विमानाच्या छायाचित्रावरून निर्णय घेऊ नये.

दुसरी सूचना पदव्यांमधील फरकाविषयी. विमान देखभाल अभियंता होण्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना लागतो. तो एरोस्पेसच्या पदवीने मिळत नाही, आणि त्या परवान्याने आराखड्याचे काम मिळत नाही. हे दोन स्वतंत्र व्यवसाय आहेत. नावातील साम्यामुळे अनेक पालकांची फसगत होते, म्हणून हा फरक प्रवेशापूर्वीच समजून घेतला पाहिजे.

तिसरी सूचना अशी की, पुढील दहा-पंधरा वर्षांसाठी कोणते प्रकल्प मंजूर झाले आहेत, हे पाहण्याची सवय विद्यार्थ्याने लावून घ्यावी. २०१८ मध्ये मंजुरी मिळालेला गगनयान कार्यक्रम, मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेले प्रगत मध्यम लढाऊ विमान, तेजसच्या वरील मागण्या आणि सी-२९५ चा करार यांमुळे सध्याचा काळ १९७० च्या दशकापेक्षा निश्चितच अनुकूल आहे. परंतु ही अनुकूलता कायमची आहे असे समजणे इतिहासाला धरून होणार नाही.

निष्कर्ष

१) भारतात एरोस्पेस अभियांत्रिकीचे शिक्षण उद्योगाच्या मागून आले. आज अनेक ठिकाणी हा क्रम उलटा झाला असून प्रत्यक्ष कामाआधी अभ्यासक्रम उघडले जात आहेत. त्यामुळे पदवी आणि पद यांमधील अंतर वाढण्याचा धोका आहे.

२) पदांची संख्या व दर्जा प्रकल्पांच्या सातत्यावर अवलंबून राहिला. मरुतनंतरच्या २२ वर्षांच्या खंडाने आराखड्याची परंपरा तुटली. इस्रोमध्ये सलग प्रकल्पांमुळे चार अपयशांनंतरही ती टिकली. त्यामुळे प्रस्तुत निबंधाचे गृहीतक ग्राह्य ठरते.

३) महाराष्ट्राने या क्षेत्राला वालचंद, घाटगे व गोवारीकर यांच्यासारखे कर्ते पुरुष दिले आणि ओझरसारखे उत्पादन केंद्र उभारले, परंतु आराखड्याची व संशोधनाची पदे मोठ्या प्रमाणावर बंगळूर, हैदराबाद व तिरुवनंतपुरम येथेच एकवटली. मराठी विद्यार्थ्याने स्थलांतराची तयारी ठेवूनच या क्षेत्राकडे वळावे.

४) अवकाश व विमान उद्योग एकाच शाखेच्या पदवीधरांवर उभा राहिलेला नाही. मूलभूत शाखेतील पक्के ज्ञान हाच प्रतिकूल काळातील खरा आधार ठरला आहे.

५) शासनाने एक प्रकल्प पूर्ण होण्यापूर्वी पुढील प्रकल्पास मंजुरी देण्याचे धोरण विमान क्षेत्रातही सातत्याने राबविणे आवश्यक आहे. विमान वीस वर्षांत जुने होते व ते बदलता येते. विखुरलेला अभियंत्यांचा गट पुन्हा उभा करण्यास मात्र एक पिढी खर्ची पडते, हाच या ८५ वर्षांच्या इतिहासाचा मुख्य बोध होय.